उजवीकडे दोन बोटं

सरळ बॉल मला कधी घालता यायचा नाही. तिरके बॉल कसेबसे जायचे, टेबलाच्या कुशनला आपटून आलेले नशिबानं जायचे. पण पांढरा बॉल, लाल बॉल आणि पॉकेट तिन्ही एका रेघेत आली, शेंबड्या पोरानंही घालावा असा फटका समोर आला, की माझा लाल बॉल पॉकेटच्या उजव्या कडेवर आपटून बाहेर यायचा. चुकायचा तो नेहमी उजवीकडेच आणि नेहमी दोन बोटंच. कधी डावीकडे चुकला असता तर मी म्हटलं असतं, हात कच्चा आहे, बसेल हळूहळू. पण इतक्या नेमानं चुकणाऱ्या माणसाचा हात कच्चा नसतो. त्याचं दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो आणि भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात नुकताच लागलो होतो. कॅन्टीनच्या शेजारी कामगारांसाठी एक हॉल होता. त्यात दोन कॅरम, वर्तमानपत्रं ठेवायचा एक बाक, आणि मधोमध एक भलंमोठं हिरवं टेबल. साहेब लोकांच्या क्लबात नवं टेबल आलं तेव्हा हे जुनं आमच्याकडे ढकललं होतं. त्याच्यावरचं हिरवं कापड, म्हणजे बनात, कोपऱ्यांत विरलं होतं आणि एका पॉकेटची जाळी फाटल्यामुळे तिथे सुतळी विणली होती. क्लबात या खेळाला काय काय म्हणत असतील ते असो, आम्ही सरसकट पूल म्हणायचो.

टेबलाबरोबर त्याचा मार्करही आमच्याकडे आला होता. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, बनातीवर ब्रश फिरवणारा, काठ्यांची टोकं घासून देणारा आणि नवख्याला उभं राहायला शिकवणारा माणूस. हा मालवणकडचा, साठीच्या आसपासचा, नेहमी पांढऱ्या सदऱ्यात. सगळे त्याला मार्करच म्हणत. मी काका म्हणायचो. तो सगळ्यांना शिकवायचा, फक्त मला शिकवायचा नाही. मी टेबलावर वाकलो की तो खडू शोधायला नाहीतर पंख्याचं बटण बघायला निघून जायचा.

माझी नोकरी बाबांच्या जागेवर मिळालेली. बाबा त्याच कारखान्यात क्रेनवर होते, शॉपच्या छताखालून धावणाऱ्या मोठ्या क्रेनवर. मी नोकरीला लागायच्या चार वर्षं आधी, एका सकाळी आठच्या सुमारास, मुलुंडला आमच्या चाळीसमोर आग्रा रोड ओलांडताना ते ट्रकखाली सापडले. ड्रायव्हर पळून गेला नाही. तो पोलीस चौकीत बसून एकच वाक्य सांगत होता, ‘साब, मैंने हॉर्न दिया, उसने देखा भी नहीं, सीधा आया.’ पोलिसांनी अपघात लिहिला. चाळीतल्यांनीही तसंच म्हटलं, निदान आमच्यासमोर. पण आमच्या दीड खोलीत एक प्रश्न येऊन बसला होता आणि तो आईनं मला किंवा मी आईला तोंडानं कधी विचारला नाही. बाबा ट्रकखाली आले, की गेले?

प्रश्न उगाच नव्हता. त्याआधी सात-आठ महिन्यांपासून बाबा बदलले होते. ज्या क्रेनचा त्यांना एवढा दिमाख, त्या क्रेनवरून ते स्वतः अर्ज देऊन उतरले आणि स्टोअरमध्ये खिळे-बोल्ट मोजायला बसले. कारण सांगितलं गुडघेदुखीचं. घरी मांडी घालून जेवायचे, उकिडवं बसून अंघोळ करायचे, तेव्हा कुठला गुडघा दुखत नसे. वर्तमानपत्र वाचायचं सोडलं. बोलणं कमी झालं. संध्याकाळी कारखाना सुटला की घरी न येता पूलच्या हॉलमध्ये बसायचे. आई म्हणायची, यांचं मन कशातच नाही.

आणि ती सकाळ. मी घरातच होतो, आयटीआयला जायच्या तयारीत. बाबांनी ओट्यावरून उकळत्या दुधाचं पातेलं उचललं, चहात दूध घालायला गेले, आणि दुधाची धार कपाच्या बाहेर, ओट्यावर, तिथून आईच्या पायावर. आई कळवळली आणि म्हणाली, “डोळे फुटले का तुमचे?”

आता हे वाक्य आमच्या चाळीत दिवसातून वीसदा ऐकू यायचं. नळावर धक्का लागला तरी हेच, पोरानं पेला पाडला तरी हेच. त्यात कुणाला काही लागत नसे. पण बाबांनी पातेलं खाली ठेवलं, आईकडे बघितलं, चपला घातल्या आणि डबा न घेता निघून गेले. आईनं पायावर पाणी ओतलं, मिनिटभर धुसफुसली, मग डबा उचलून मागच्या बोळातून धावली. बोळातून गेलं की रस्त्याच्या कोपऱ्यावर, पानाच्या गादीशी लवकर पोचता येतं. ती पोचलीसुद्धा. बाबा तिच्या समोरून गेले, हातभर अंतरावरून, आणि तिच्याकडे न बघता रस्त्यावर उतरले.

एवढंच ती सांगायची, तेही पहिल्या वर्षात दोन-तीनदा. “माझ्याकडे बघितलंही नाही रे त्यांनी.” मग तेही सांगायची बंद झाली. तो डबा तिनं धुऊन फळीवर सर्वांत वर ठेवला तो ठेवलाच. आणि डोळे फुटण्याचं ते वाक्य पुन्हा कधी तिच्या तोंडून आलं नाही. शेजारीण आपल्या पोराला तसं बोलली तर आई हातातलं काम टाकून आत जायची.

तर अशा घरातला मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा टेबलावर वाकलो, तेव्हा कॅरमच्या सोंगट्या वाजायच्या थांबल्या. बाबांच्या वेळचा एक म्हातारा फिटर उठून जवळ आला, मला बाजूनं बघितलं, मागून बघितलं. “आयला,” तो म्हणाला, “हा वाकला की तोच वाकतो रे.”

मला ते ऐकून जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, इतका मी सुखावलो. बाबा मला खेळ शिकवायला कधी हॉलमध्ये नेऊ शकले नव्हते. कुटुंबाला कारखान्यात प्रवेश फक्त खंडेनवमीला, मशीनच्या पूजेला, आणि त्या दिवशी टेबलावर चादर असायची. पण शेवटच्या सात-आठ महिन्यांत ते घरी सराव करायचे. कपडे वाळत घालायची लांब काठी घ्यायचे, कॉटच्या कडेला वाकायचे, डावा हात गादीवर ठेवून त्यावरून काठी पुढे-मागे, पुढे-मागे. हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवलेली, काठी डाव्या गालाखाली. ते बाहेर गेले की मी ती काठी घेऊन तस्संच करायचो. त्यांचं उभं राहणं मी गिरवून गिरवून घेतलं होतं, शाळेत कित्ता गिरवतात तसं. आता लोक त्यांच्यासारखा दिसतोस म्हणाले की वाटायचं, चला, आपल्याकडे ते थोडे तरी उरले आहेत.

कधी कधी मात्र अंगावर काटा यायचा. काठी मागे घेताना खांद्याला एक हलका झटका बसायचा, तो माझा नव्हता. मी तसा झटका द्यायचं ठरवलेलं नसायचं. दुपारी हॉल रिकामा असताना मी एकटाच वाकलो की वाटायचं, मी सरळ उभा राहीन, पण वाकलेला माणूस तसाच राहील. मग मी घाईनं फटका मारायचो आणि लाल बॉल उजवीकडे दोन बोटं जायचा.

असे पाच-सहा महिने गेले. एका शनिवारी हाफ डे होता, दुपारी हॉलमध्ये मार्कर आणि मी दोघंच होतो. मी सरळ बॉल मांडून ओळीनं अकरा वेळा चुकलो. बाराव्यांदा वाकलो तेव्हा मार्करनं येऊन माझी काठी वरच्या वर धरली.

“झिला, काठी ठेव. आज खेळायचं नाही. आज नुसतं उभं राहायचं.”

त्यानं खिशातून साधा शाळेचा खडू काढला. पॉकेट, लाल, पांढरा यांची रेघ नजरेनं धरली आणि ती टेबलाच्या कडेपासून खाली शहाबादी फरशीवर लांबपर्यंत ओढली. मग मला त्या रेघेच्या शेपटाशी, टेबलापासून चार पावलं मागे उभं केलं.

“फटका मागून बघायचा, उभ्यानं. रेघ दिसली की उजवं पाऊल रेघेवर. मग चालत ये आणि मग वाक. तू आधी वाकतोस आणि मग रेघ शोधतोस. एकदा वाकल्यावर कंबर हलवून, हात हलवून काही जमत नाही. वाकायच्या आधीच सगळं ठरलेलं असतं.”

मी मागून बघितलं. रेघेवर पाऊल ठेवलं. वाकलो. त्यानं परत दिलेली काठी आपोआप डाव्या गालाखाली गेली. त्यानं कॅन्टीनमधली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणली, टेबलावर आडवी ठेवली, तिचं तोंड माझ्याकडे. काठीचं टोक बाटलीच्या गळ्यात घालायचं, काचेला न लावता. मी घातलं. काच वाजली. पुन्हा घातलं, पुन्हा वाजली, आणि दर वेळी उजव्या बाजूला.

मार्करनं बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “दोन्ही हात पुढे कर. बोटांचं भोक कर आणि त्यातून तो पलीकडचा बल्ब बघ. दोन्ही डोळे उघडे. दिसला? आता डावा मीट.”

“दिसतोय.”

“आता उजवा मीट.”

बल्ब गेला. भोकात नुसती भिंत.

“तुझा मालक उजवा डोळा,” तो म्हणाला. “नेम तो धरतो. आणि काठी तू ठेवतोस डाव्याखाली. मालक एका खोलीत, कामगार दुसऱ्या खोलीत. बॉल उजवीकडे जाईल नाहीतर काय होईल?” मग माझ्या तोंडाकडे न बघता, खडू खिशात घालत त्यानं विचारलं, “तुझे दोन्ही डोळे बरे आसत मा?”

“हो.”

“मग एका डोळ्याच्या माणसासारखा कशाला उभा राहतोस?”

मी म्हटलं, “बाबा असेच उभे राहायचे.”

“ठाऊक आहे,” मार्कर म्हणाला. “मीच उभा केला होता त्याला तसा.”

मग त्यानं बाकावर बसून सांगितलं. बाबांचे सरळ बॉल चुकायला लागले तेव्हा पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं. त्यानं हाच बोटांच्या भोकाचा खेळ बाबांबरोबर केला. डावा मिटल्यावर बाबा म्हणाले, बल्ब गेला, भिंतही गेली. दोघं मिळून ठाण्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू. उजवा डोळा संपत आलेला, गेलेली नजर परत येणार नाही. त्याच आठवड्यात बाबांनी क्रेनवरून उतरायचा अर्ज दिला. खाली माणसं काम करत असताना एका डोळ्यानं लोखंड उचलायचं नाही, एवढं त्यांनी लगेच ठरवलं. डोळा लिहिला असता तर कारखान्यानं घरीच बसवलं असतं, म्हणून गुडघे लिहिले. मार्करनं त्यांना टेबलावर नव्यानं उभं केलं, मान वळवून, काठी डाव्या डोळ्याखाली आणून. आणि बाबांनी त्याच्याकडून शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही. पोराचं आयटीआय होऊ दे, मग मीच घरी सांगतो.

माझ्या हाताशी काठी होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला खरोखर वाटलं. “चार वर्षं तुम्ही गप्प बसलात,” मी म्हणालो.

“शब्द दिला होता.”

“माणूस गेल्यावर कसला शब्द, काका?”

“मग सांगणार कुणाला? तुझ्या आईला? तुझ्या नवऱ्याचा डोळा गेला होता आणि तुला कळलं नाही, हे सांगायला येऊ तिच्या दारात?” तो उठला आणि बनातीवर ब्रश फिरवायला लागला. “तू पहिल्या दिवशी वाकलास ना, तेव्हाच मी ओळखलं, हे उभं राहणं कुणाचं ते. तुला सुधारायचं तर हे सांगावं लागणार. म्हणून काणाडोळा केला.”

त्याला काय ठाऊक, आम्ही घरात काय घेऊन बसलो होतो ते. मी भांडुपहून मुलुंडपर्यंत चालत आलो. चालताना एकेक गोष्ट उठून माझ्यासमोर यायला लागली. बाबांबरोबर चालताना मी चुकून उजवीकडे गेलो की ते म्हणायचे, इकडे ये, डावीकडे चाल. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवूनच ते चहा ओतायचे. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा किती वेळा लागायचा. त्या दिवशी हातात किटली नव्हती, पातेलं होतं, त्याचं तोंड कुठे टेकवणार? आणि आमच्या बाजूनं आग्रा रोडवर उतरलं की गाड्या पहिल्यांदा येतात त्या उजवीकडून. ट्रक आला तो उजवीकडून. देखा भी नहीं, सीधा आया. ज्याला ज्याला आम्ही दुःख समजलो होतो ते सगळं डोळा होतं. रस्त्यावर माणसांच्या गर्दीत मी रडत चाललो होतो आणि मला हलकं वाटत होतं. ते गेले नव्हते. आले होते.

चाळीच्या जिन्यापाशी पोचल्यावर मात्र पाय थबकले. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तिनं मारलेल्या टोमण्यातला शब्द न् शब्द खरा होता, हे? फुटलाच होता त्यांचा डोळा, आणि तू तेच बोललीस, हे? तिच्या मानेवरचं एक ओझं उतरवायला जावं तर दुसरं चढवावं लागणार होतं. मी त्या दिवशी बोललो नाही. पुढचा दीड महिना बोललो नाही.

त्या दीड महिन्यात मार्करनं मला नव्यानं उभं केलं. रोज कारखाना सुटल्यावर अर्धा तास, बॉल न मारता. मागे उभं राहा, रेघ बघ, पाऊल ठेव, वाक, ऊठ, पुन्हा मागे जा. हनुवटी सरळ, काठीच्या बरोबर वर. काठी उजव्या डोळ्याखाली. कोपर दोरीला बांधल्यासारखं खांद्याखाली लोंबतं ठेव. माझी मान ऐकायची नाही. तो दोन्ही हातांनी माझं डोकं धरून सरळ करायचा, आणि त्यानं हात काढले की डोकं हळूहळू उजवीकडे वळायचं. मी वळवत नव्हतो हे मी शपथेवर सांगतो. एकदा मार्कर माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाला, “सोड रे आता त्याला,” आणि हे तो मला म्हणाला की आणखी कुणाला, ते मला कळलं नाही.

मग एका संध्याकाळी बाटली वाजली नाही. मी काठी दहा वेळा आत-बाहेर केली, काचेचा आवाज नाही. मार्करनं बाटली उचलली आणि सरळ बॉल मांडला. मी मागून रेघ बघितली, पाऊल ठेवलं, वाकलो. लाल बॉल पॉकेटच्या मधोमध गेला, कडेला न लागता. पुन्हा मांडला, पुन्हा गेला. लागोपाठ सात.

म्हातारा फिटर कॅरम टाकून बघायला आला होता. पहिल्यासारखा बाजूनं, मागून फिरला. “खेळ सुधारला,” तो म्हणाला, आणि परत जाता जाता म्हणाला, “पण गेला तुझा बाप.”

तो टेबलावरच्या उभं राहण्याबद्दलच बोलत होता. पण मला काठी ठेवून बाहेर नळावर जावं लागलं. तोंड धुताना मी मान वळवून बघितली, हनुवटी उजव्या खांद्याकडे. ते आता नुसती नक्कल वाटत होतं. म्हणजे माझ्यात होते तेवढेही गेले होते, आणि त्यांच्याबद्दलची खरी गोष्ट सांगू शकणारे जगात दोघं उरलो होतो, एक मार्कर आणि एक मी. मी त्याच रविवारी आईला सांगितलं.

ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, अर्ज, गुडघे, काठी. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी विचारलं, “कुठला?”

“उजवा.”

तिनं निवडलेली मेथी आणि देठ एकत्र करून टाकले. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मग उठली, स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरचा डबा काढला. “चल खाली,” म्हणाली.

दुपारचे बारा वाजले असतील. आग्रा रोडला रविवारची थोडी उसंत होती. आईनं मला चाळीच्या फाटकाशी उभं केलं आणि स्वतः बोळातून जाऊन कोपऱ्यावर, पानाच्या गादीशेजारी, माझ्या उजव्या हाताला येईल अशी उभी राहिली. मग तिथून हातानं खूण केली. मी उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला. ती सांगणार ते मला आधीच समजलं होतं. बाबा जसे चालले तसं मला चालायचं होतं.

मी चालायला लागलो. वीसेक पावलं होती. पानवाल्यानं विचारलं, “काय रे, डोळ्यात काही गेलं काय?” मी समोर बघत होतो, रस्त्याकडे, आणि डाव्या डोळ्यानं मला आई दिसत होती. वाटेतल्या विजेच्या खांबाशी आलो, ती दिसत होती. तिची हिरवी साडी, दोन्ही हातांत छातीशी धरलेला डबा, वाट बघणारं तोंड, सगळं नाकाच्या पलीकडे, कडेला, पण स्पष्ट. अगदी शेवटच्या दोन पावलांत ती नाहीशी झाली. मी तिच्या समोरून गेलो आणि फुटपाथच्या कडेशी थांबलो.

“तू आलीस तेव्हा ते कुठं होते, नक्की?” मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ती आपणहूनच म्हणाली, “मी पोचले तेव्हा ते खांबाशी होते.” मग जवळ आली. “दिसले मी?”

खांबापासून आठ पावलं. त्यातली सहा पावलं ती बाबांना दिसली असणार. निदान दिसू शकत होती. राग धरून बघितलं नसेल, किंवा दिसूनही मान वळवावीशी वाटली नसेल. आणि रस्त्यावर उतरताना रोज मान पूर्ण वळवून उजवीकडे बघणाऱ्या माणसानं त्या दिवशी का बघितलं नाही, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

“नाही,” मी म्हणालो. “अजिबात दिसली नाहीस.”

आईनं मान हलवली. खूप वेळ ती त्या रस्त्याकडे बघत राहिली, उजवीकडे, जिकडून गाड्या येतात तिकडे. मला वाटलं, सुटली. चार वर्षांनी सुटली. मग ती म्हणाली, “मी हाक नव्हती मारली रे. मलाही राग होता. म्हटलं, दिसतेय की मी, उभी आहे समोर डबा घेऊन.” तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “दिसत नव्हतं तर हाक मारायला हवी होती मी.”

तेव्हा खरं सांगता आलं असतं, की दिसत होतीस. पण मग तिनं काय घेऊन वर जायचं? दोन्हींतलं कुठलं तिला कमी जड झालं असतं ते मला ठरवता येईना, आणि तोवर ती चालायलाही लागली होती. मी तिच्या मागून वर गेलो. मेथीतले देठ आम्ही दोघांनी बसून पुन्हा निवडले.

दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण त्या डब्यात यायला लागलं. डबा घेऊन मी जिना उतरायचो, फाटकातून बाहेर पडायचो, आणि वर गॅलरीत उभी राहून आई हाक मारायची. पहिली हाक फाटकाशी, दुसरी खांबाशी, तिसरी पानाच्या गादीशी. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात. “अरे, इकडे आहे मी. उजवीकडे बघ.” लोक हसायचे, एवढ्या मोठ्या घोड्याला रस्ता ओलांडायला शिकवते म्हणून. मी मान पूर्ण वळवून उजवीकडे बघायचो आणि मग उतरायचो. माझे दोन्ही डोळे धड आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं.